एक राजमुकुट, चार राष्ट्रं

एडिंबरात मिळालेली स्कॉटिश बँकेची नोट लंडनच्या दुकानात पुढे केली, तर दुकानदार ती उलटसुलट करून पाहतो. कधी चक्क नाकारतो. चलन तेच, पौंडच. पण स्कॉटलंडमधल्या तीन बँका आजही आपापल्या नोटा छापतात.

१७०७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या संसदा एक झाल्या, तरी स्कॉटलंडने आपले कायदे, चर्च आणि शिक्षणपद्धती हातची जाऊ दिली नाही. १९९९ मध्ये एडिंबरात पुन्हा संसद भरली. सप्टेंबर २०१४ मध्ये स्वातंत्र्यावर सार्वमत झालं. सोळा वर्षांच्या मुलांनीही मत दिलं, मतदान ८४ टक्क्यांवर गेलं आणि सुमारे ५५ टक्के लोकांनी ब्रिटनमध्येच राहायचं ठरवलं.

विषय संपला, असं लंडनला वाटलं असावं. पण २०१६ मध्ये ब्रेक्झिटचा कौल आला. स्कॉटलंडमधल्या ६२ टक्के मतदारांना युरोपीय संघात राहायचं होतं, तरी त्यांना बाहेर पडावं लागलं. दुखणं पुन्हा वर आलं. लंडनच्या संमतीशिवाय नवं सार्वमत घेता येणार नाही, असा निकाल ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. गंमत अशी, की २०२४ च्या ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी एसएनपी पक्ष ४८ जागांवरून थेट ९ वर घसरला. स्वातंत्र्याची ओढ मात्र तेवढी ओसरली नाही.

उत्तर आयर्लंडची वाट वेगळी. बहुमत आयर्लंडशी एकीकरणाच्या बाजूने झुकल्याचं दिसलं, तर ब्रिटिश मंत्र्याने सार्वमत घ्यायलाच हवं, असं तिथला १९९८ चा शांतता करार सांगतो. ते झुकणं कशावरून ओळखायचं, हे मात्र करारात कुठेच लिहिलेलं नाही.