भ्यावे तरी किती?



1896 च्या सप्टेंबरात मांडवीतला ताप प्लेगचा आहे, असे डॉ. व्हिएगस म्हणाले, ते पुष्कळांना पटेना. पुढे पाचसहा महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई गावी पळाली! हाफकिनसाहेबांनी जानेवारी 1897 मध्ये लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. आपल्या परळची संस्था त्यांच्याच नावाची.

हे सारे मला ठाऊक. तरी मार्च 2020 मध्ये चैत्रगौरीचे हळदीकुंकू रद्द करू नये म्हणून सभेत मीच भांडले. ‘एवढे काय भ्यायचे?’ चिटणीसबाई मात्र हलल्या नाहीत. पाडव्यालाच सारे बंद झाले; गौर घरच्याघरी बसली.

जूनमध्ये आमच्या चाळीतले तिघे इस्पितळात गेले, दोघेच परतले. तिसऱ्या माझ्या जाऊबाई. त्या सभेत माझ्या बाजूने बोलणाऱ्या त्या एकट्याच होत्या.