थ्री नॉट थ्री, तीनशे पंधरा आणि माळ्यावरची ठासणी



दसऱ्याच्या उत्सवात रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराज यांची पालखी निघते, तेव्हा पोलिसांची तुकडी तिला सशस्त्र मानवंदना देते. इंग्रजी अमदानीपासून चालत आलेला हा मान. धाटावपासून अष्टमीपर्यंतच्या गावांतली सगळी माणसं तिथं लोटतात. पुढे घुसलेली पोरं पालखीकडे बघतात तितकीच पोलिसांच्या हातातल्या रायफलींकडेही बघतात. मोठ्यांच्या मनात मात्र दुसरंच असतं. मी धाटावच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये नोकरी केली, लोखंड-पोलादाशी आयुष्य गेलं, म्हणून लोक मला विचारतात: लष्करानं नाहीतर पोलिसांनी बाद केलेली जुनी रायफल विकत मिळते का हो? घासूनपुसून, दुरुस्त करून घरात ठेवता येईल का?

नाही येत. नुसतं नाही म्हणून थांबलो तर माणूस हिरमुसतो आणि मग कुणाकडून तरी भलतीच वस्तू मिळवायला जातो. म्हणून आज जरा सविस्तर.

बाद झालेली रायफल म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर येते ती थ्री नॉट थ्री. नळीचा व्यास पॉइंट ३०३ इंच, म्हणजे ७.७ मिलिमीटर, म्हणून हे नाव. तिचा बोल्ट आणि मॅगझिन ही जेम्स पॅरिस ली या माणसाची कल्पना. इंग्लंडातल्या एनफिल्डच्या सरकारी कारखान्याचं नाव त्याच्या नावाला जोडलं गेलं आणि ती ली-एनफिल्ड झाली. तिचा जो आखूड नमुना आपल्याला फोटोंतून माहीत आहे तो १९०७ चा. वजन चार किलोच्या आसपास, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. बोल्ट इतका सुळसुळीत की तयारीचा शिपाई मिनिटाला नेम धरून पंधरा गोळ्या मारी. बंगालमध्ये कोलकात्याजवळच्या इशापूरच्या कारखान्यात ती बनत असे आणि तिच्या गोळ्या आपल्या खडकीच्या कारखान्यात. जुन्या काडतुसाच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरं दिसली, तर ते खडकीचं समजावं.

आपल्या भागाचा या रायफलीशी संबंध पालखीपुरता नाही. कोकणातून मराठा पलटणींत भरती व्हायची रीत जुनी. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, कुतच्या वेढ्यात, मराठा पलटणी अडकल्या होत्या त्या हीच रायफल घेऊन. दुसऱ्या महायुद्धातले आपल्या शेजारच्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे तर सर्वांना ठाऊक आहेत. १० जुलै १९४४ रोजी इटलीत त्यांनी एकट्यानं शत्रूचा मशीनगनचा मोर्चा घेतला आणि तिथंच प्राण ठेवले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून ते लढले. भाषणांत लोक त्यांच्या हाती रायफल देतात. ती रायफल नव्हती, टॉमी गन होती. शूराची गोष्ट सांगताना हत्यार तरी बरोबर सांगावं, असं आपलं माझं मत.

१९६२ च्या युद्धानंतर इशापूरनं याच नमुन्यावर ७.६२ मिलिमीटरची रायफल काढली, बारा गोळ्यांची. लष्कर पुढे स्वयंभरण रायफलींकडे गेलं. जुन्या रायफली पोलीस, होमगार्ड, एनसीसी अशा उतरत्या पायऱ्यांनी खाली आल्या. माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी कॉलेजात एनसीसीच्या परेडला ती खांद्यावर घेतली असेल. ‘खोलना-जोडना’ शिकवायचे, आणि नळीतून फुलतरू ओढायला लावायचे. फुलतरू म्हणजे पितळी वजन लावलेली दोरी. तिच्या फासात चिंधी अडकवायची आणि नळीतून आरपार ओढायची. ही दोरी आणि तेलाची पितळी बाटली रायफलीच्या दस्त्यातच, पाठीमागच्या झाकणाआड असे. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईच्या मोठ्या स्टेशनात अतिरेक्यांच्या एके-४७ समोर पोलिसांच्या हाती हीच रायफल होती, आणि त्यानंतर तिच्या निवृत्तीला घाई झाली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तिला रीतसर निरोप दिला.

आता कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या नियमांत थ्री नॉट थ्री आणि ७.६२ या बोअरच्या, म्हणजे नळीच्या मापाच्या, रायफली निषिद्ध वर्गात आहेत. कारण सरळ आहे: ज्या बंदुकीत सरकारी गोळी बसते ती खाजगी हातात नको. दारूगोळा चोरीला गेला तरी तो बाहेर निरुपयोगी ठरावा. ही युक्ती इंग्रजांची. त्यांनी १९०७ च्या सुमाराला पॉइंट ४५० बोअरच्या शिकारी रायफलींची हिंदुस्थानात आयात बंद केली, कारण लष्कराच्या जुन्या मार्टिनी रायफलींची गोळी त्याच मापाची होती. तेव्हा विलायतेतल्या कारखानदारांनी रातोरात पॉइंट ४७० सारखी नवी मापं काढली. साहेबाची शिकार काही थांबली नाही.

निषिद्ध बोअरचं हत्यार विनापरवाना सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची कैद आहे, चौदा वर्षांपर्यंत वाढू शकणारी. ‘आजोबांनी लढाईवरून आणली होती’ हे काही उत्तर होत नाही.

गंमत पाहा. इशापूरच्या याच रायफली, अशोकस्तंभाचे सिंह कोरलेल्या, भंगारात काढल्यावर जहाजानं अमेरिकेत गेल्या आणि तिथल्या दुकानांत विकल्या गेल्या. न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये राहणारा आपला एखादा रोहेकर तिथल्या कायद्याचे सोपस्कार करून ती विकत घेऊ शकतो, रविवारी गॅरेजमध्ये बसून तिचा दस्ता जवसाच्या तेलानं घासू शकतो. तिकडे हा मोठा छंद आहे. कुठला स्क्रू कुठल्या साली बदलला यावर माणसं तासन्‌तास बोलतात. आपल्याकडे ती घडली, आपल्या माणसांनी ती वापरली, आणि आपल्यालाच ती हाताळायला मिळत नाही. याची मला थोडी खंत आहे. पण कायदा बदलावा, असं म्हणणार नाही. गावातल्या बांधाच्या भांडणात विळे-कोयते कसे निघतात ते मी पाहिलं आहे.

मग काय मिळतं? तर तिची धाकटी बहीण. इशापूरनंच नागरिकांसाठी पॉइंट ३१५ बोअरची, म्हणजे ८ मिलिमीटरची, रायफल काढली. सांगाडा ली-एनफिल्डचाच, बोल्ट तसाच, मॅगझिन पाच गोळ्यांचं. माप जरा वेगळं केलं की सरकारी गोळी तिच्यात बसत नाही आणि ती निषिद्ध वर्गाबाहेर राहते. तिची काडतुसंही खडकीला होतात. परवाना मिळाला तर ही घेता येते. आणि जुनी, कुणाच्या तरी वडिलांच्या नावावरची तीनशे पंधरा हीच आपल्याकडच्या हौशी माणसाच्या वाट्याला येणारी लष्करी घराण्याची रायफल.

आता माझ्या धंद्यातलं बोलतो. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात कारखान्यांच्या पट्ट्यातली हवा. एरवी वर्षभर चकचकीत राहणारं पोलाद इथं आठवड्यात तांबूस होतं. त्यात जुन्या काडतुसाची भर. त्याच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की नळीत त्याचा क्षार उरतो. तो मिठासारखाच हवेतलं पाणी ओढतो आणि आतून नळी खातो. लोक वरून तेल ओततात आणि काम झालं समजतात. तेलात हा क्षार विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून फौजेतली रीत अशी होती: नळीत नरसाळं लावून उकळतं पाणी सोडायचं. पाणी कढत असलं की नळी तापते आणि आपोआप सुकते. मग कोरडी चिंधी, आणि शेवटी तेल, तेही पातळ. ठासणीच्या बंदुकीच्या काळ्या दारूचंही तेच. आपल्या गावातले जुने लोक ठासणी गरम पाण्यानं धूत. रसायनशास्त्र त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

लाकूड अक्रोडाचं असतं. त्याला फर्निचरचं पॉलिश लावू नये, खाली ओल अडकते. कच्चं जवसाचं तेल तळहातानं चोळायचं, जास्तीचं पुसायचं, दिवसभर ठेवायचं, पुन्हा चोळायचं. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी हौसेनं सगळी रायफल पॉलिशपेपर मारून आरशासारखी केली. दिसायला झकास. पण वरची काळी झिलई गेली, कारखान्याचे शिक्के गेले, आणि नंबर अर्धा पुसला. आता हा नुसता अरसिकपणा नाही. बंदुकीवरचा ओळखीचा नंबर घालवणं हा गुन्हा आहे, हे त्यांना पोलीस ठाण्यातच कळलं.

बंदुकीच्या मालकानं करायचं ते एवढंच: पुसणं, धुणं, तेल. पुढचं काम परवानाधारक कारागिराचं. शस्त्र कायद्याचं पाचवं कलम बंदूक बनवायला, विकायला जसा परवाना मागतं, तसाच दुरुस्त करायलाही मागतं. आपल्या औद्योगिक वसाहतीत हुशार टर्नर-फिटर पुष्कळ. कुणी म्हणेल, एक पिन तर करायची आहे, लेथवर दहा मिनिटांचं काम. मित्रांनो, करू नका. कायदा बाजूला ठेवला तरी, बोल्ट बदलला किंवा घासला की काडतुसाच्या कडेमागचं अंतर बदलतं. ते जराजरी जास्त झालं, तर पितळी पुंगळी फाटून गरम वायू तोंडावर येतो. हे अंतर मोजायला खास गेज लागतात. डोळ्याच्या अंदाजाचं हे काम नव्हे.

या सगळ्यांत आपल्या भागात सर्वांत जास्त सापडते ती मात्र रायफल नव्हे, ठासणीची बंदूक. डुकरं-माकडं शेतात येतात म्हणून पीक संरक्षणाचा परवाना काढलेली. परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे, हे तरुणांनी लक्षात ठेवावं. रानडुकराच्या बाबतीत वन्यजीव कायदा लागतोच. या शस्त्र परवान्याचा इतिहासही चमत्कारिक. इंग्रजांनी १८७८ साली कायदा करून हिंदी माणसावर परवाना लादला आणि गोऱ्याला सूट दिली. पुढच्याच वर्षी आपल्या शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड केलं. तो गोरा-काळा भेद पुढे संपला.

परवान्याचा मालक वारतो. दिवसकार्य होतं, सातबाऱ्यावर वारसनोंद होते, बंदूक मात्र माळ्यावर तशीच. मुलगा मुंबईला. पाच-दहा वर्षांनी घर पाडायला काढलं की ती खाली येते, गंजलेली. लोक म्हणतात, ही आता काय चालणार, पुराणवस्तू झाली. कायद्यात जुनाट, पुरातन आणि दुरुस्त करूनही न चालणाऱ्या हत्यारांना सवलत आहे खरी, पण आपली बंदूक त्यात बसते की नाही हे आपण माळ्यावर बसून ठरवायचं नसतं. आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं बिघडत नाही. आजोबांनी शेवटचा बार भरून ठेवला असेल, तर तो अजून आत आहे. तेव्हा माळ्यावरची ठासणी भरलेलीच आहे असं समजा. चाप ओढून पाहू नका, घोडा उचलू नका, तोंड माणसांकडे करू नका, आणि वेल्डिंगवाल्याकडे तर मुळीच नेऊ नका.

करायचं ते असं. आधी पोलीस ठाण्यात जाऊन कळवा आणि बंदूक कशी आणायची ते त्यांनाच विचारा. मालक गेल्यावर ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणं कायद्यानं बंधनकारक आहे. जमा केल्याची पावती घ्या. मृत्यूचा दाखला, जुना परवाना आणि इतर वारसांची लेखी संमती जोडून अलिबागला जिल्हाधिकारी कार्यालयात आपल्या नावानं परवान्याचा अर्ज करा. आता एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारसाहक्कानं आलेलीही त्यांत धरली जाते, हे ध्यानात असू द्या. परवाना मिळाला तर ती सोडवून आणा, परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्या आणि मग खुशाल जवसाचं तेल चोळत बसा. परवाना नको असेल तर मुदतीत विल्हेवाटीचा अर्ज द्या. ज्यांच्या माळ्यावर अशी बंदूक आहे, त्यांनी हे काम पुढच्या पावसाळ्याच्या आत उरकून टाकावं.