देशी झडप आणि सरकारी रुग्णालय



सरकारी रुग्णालयांनी आपल्या देशात तयार झालेली उपकरणे घ्यावीत काय, असे विचारले तर सारे सभागृह हात वर करील. आम्हीही करू. पण उद्या घरचेच माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलावर असेल आणि डॉक्टरांनी विचारले, "झडप देशी बसवू की परदेशी?" तर तोच हात किंचित आखडेल. हे आखडणे देशाभिमानाच्या व्याख्यानाने जाणारे नाही.

हृदयातील झडप मिनिटाला सुमारे 72 वेळा उघडते व मिटते. वर्षाचा हिशेब पावणेचार कोटींच्या वर जातो. कृत्रिम झडपेलाही हेच काम वर्षानुवर्षे करावयाचे असते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती करावयास घेतली, तेव्हा परदेशी झडप आपल्या सामान्य रोग्याच्या आवाक्याबाहेर होती. आणि झडप निकामी करणारा संधिवाताचा ताप तर गरिबाघरच्या मुलांनाच अधिक गाठतो. पहिले तीन नमुने फसले. एकाचा सांध्याजवळचा भाग मोडला, दुसऱ्यात धातू झिजू लागला, तिसऱ्यातील कृत्रिम नीलमण्याची तबकडी फुटली. (नीलमणी सर्वांनाच लाभत नाही म्हणतात, ते असे!) अखेर दिसावयास साधे पण अत्यंत चिवट असे प्लास्टिक त्या तबकडीसाठी निवडले. ती झडप यंत्रावर कोट्यवधी वेळा उघडमीट करून पाहिली, मेंढ्यांच्या हृदयात बसवून पाहिली, आणि मगच डिसेंबर 1990 मध्ये ती प्रथम माणसाला बसविली. पुढे ती एक लाखाहून अधिक रोग्यांना बसली. हा विश्वास त्या तीन मोडक्या नमुन्यांतून आला, असे आम्ही समजतो.

आता खरेदीकडे वळू. केंद्र सरकारच्या 2017 च्या आदेशाने सरकारी खरेदीत देशी मालाला अग्रक्रम मिळाला. मालाच्या किमतीत देशी भाग किती टक्के, हे त्यात पाहिले जाते. चांगले आहे, पण ही टक्केवारी पैशांची, अचूकपणाची नव्हे. रक्तदाबाचे यंत्र दहा अंकांनी कमी दाखवू लागले, तर त्याचे सर्व भाग आपल्याच तालुक्यात घडले असले तरी रोग्याला काय समाधान? वैद्यकीय उपकरणांचे नियमही 2017 चेच, आणि 1 एप्रिल 2020 पासून सर्व उपकरणे कायद्याच्या कक्षेत आली. तरीही कारखान्याचा परवाना वेगळा आणि रुग्णालयाच्या खोलीत आलेले यंत्र वेगळे.

2021 साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत, देशात बनलेल्या व्हेंटिलेटरांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला. डॉक्टर म्हणत, यंत्रे सदोष आहेत. सरकारपक्ष म्हणे, ती नीट वापरली गेली नाहीत. दोष कोणाचा, यात आम्ही शिरत नाही. यंत्र ताब्यात घेतानाच ते चालवून, मोजून, दोन्ही पक्षांच्या सह्यांनिशी नोंद केली, तर असा वाद रोग्याच्या खाटेशेजारी उभा राहत नाही.

निविदेत सर्वांत कमी दर पाहावयाचा, तर त्यात पाच-सात वर्षांची दुरुस्ती, सुटे भाग, परिचारिकांचे शिक्षण आणि दरसालची तपासणी यांचाही खर्च धरावा. मग स्वस्त वाटलेले यंत्र कधी महाग ठरेल, कधी देशीच परवडेल. शासकीय रुग्णालयांना रुग्ण कल्याण समित्या आहेत. त्यांच्या सभासदांपैकी कोणी आपल्या ओळखीचे असतील, तर एवढेच विचारा : नवे यंत्र आले त्या दिवशी ते कोणी तपासले, आणि ती नोंदवही कोठे आहे?