नाव नीट लिहा : लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर यांची आठवण
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आजच्या शुभदिनी युद्धात गेलेल्या सैनिकांविषयी मी चार शब्द बोलावेत, अशी कमिटीची आज्ञा झाली. मी वक्ता नव्हे. माझा उभा जन्म इस्पितळाच्या वॉर्डात गेला. तेव्हा नर्सबाई बोलेल तसेच बोलेन, सांभाळून घ्यावे.

दरवर्षी नोव्हेंबरात आपण कोटाला लाल पॉपी लावतो. त्यानंतरच्या रविवारी ज्यू माजी सैनिक सेनोटाफपाशी संचलन करतात, तिथेही आपल्यातील काही मंडळी आवर्जून जातात. तिथे उभे राहिले की मला एका मुंबईकर मुलाची आठवण येते. तो बेने इस्रायल नव्हता, हिंदू होता. पण भाषा आपलीच, आणि आडनावाच्या शेवटी आपल्यासारखेच ‘कर’. त्याचे नाव श्रीकृष्ण वेलिणकर.

त्याचा जन्म 24 ऑक्टोबर 1894 चा. शिकायला तो मुंबईहून इंग्लंडला, केंब्रिजला आला. पहिले महायुद्ध पेटले आणि बरोबरीची इंग्रज मुले भराभर सैन्यात भरती झाली. आपल्या माणसाला मात्र तेव्हा बादशाही कमिशन, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्याच्या बरोबरीचा हुद्दा, मिळत नसे. हिंदी शिपाई फ्रान्सच्या चिखलात हजारोंनी मरत होते, पण त्यांच्यावरचा साहेब गोराच. हिंदी सैन्यात हे दार किलकिले झाले ते 1917 च्या ऑगस्टात. वेलिणकर त्याच्या आधीच रॉयल फ्लाईंग कोअरचा अधिकारी झाला होता. त्या युद्धात लढाऊ विमान चालवणारे म्हणून जे चार हिंदी तरुण पुढे नावाजले, त्यांतला तो एक. हरदित सिंग मलिक आणि एरॉल सेन वाचले. कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय 22 जुलै 1918 रोजी पडला, तेव्हा तो अवघा 19 वर्षांचा होता. आणि त्याच्या तीनच आठवडे आधी आपला वेलिणकर गेला.

तो 23 नंबरच्या स्क्वॉड्रनमध्ये होता. त्यांच्याकडे सॉपविथ डॉल्फिन नावाचे एकाच माणसाचे विमान असे. त्यात वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या चौकटीतून बाहेर येई. वर चहूकडे छान दिसे, पण उतरताना विमान उलटले तर पहिला मार मानेवर. ब्रिटिश वैमानिकांना त्या वेळी पॅराशूटही देत नसत. वर विमान पेटले किंवा मोडले, तर त्याच्यासकट खाली यायचे, एवढाच मार्ग.

27 जून 1918, गुरुवार. शत्रूच्या बाजूला गस्तीवर गेलेला वेलिणकर परतला नाही. जखमी होऊन तो जर्मनांच्या हाती सापडला आणि 30 जूनला, रविवारी, कैदेतच वारला. वय 23.

गुरुवार ते रविवार. माझ्या धंद्यातल्या माणसाला या तीन दिवसांचा अर्थ सांगावा लागत नाही. पेनिसिलिनचा शोध 1928 चा. सल्फाची औषधे त्याच्याही नंतरची. जखम चिघळली की धुणे, कापणे आणि वाट पाहणे, एवढेच डॉक्टरच्या हाती. त्या वयाची मुले मी पाहिली आहेत. शुद्धीवर असली की आधी पाणी मागतात, मग आईला हाक मारतात. त्याने हाक मारली असेल तर ती मराठीतच मारली असेल, आणि त्या खोलीत ती कळणारे कोणी नसेल.

पुढची गोष्ट सांगण्यासाठीच मी उभी आहे. जर्मनांनी त्याला पुरले. क्रुसावर हुद्दा लिहिला, नावही लिहिले, पण कसे, तर ‘एस. सी. वुमकर’! रोमन लिपीत घाईने ‘वेलिणकर’ लिहून पाहा, मधली अक्षरे एकमेकांत मिसळून तसेच काहीसे दिसते. लिहिणाऱ्याने मुद्दाम केले नाही. पण मुंबईत त्याची आई होती, आणि मुलाची कबर त्या नावाने शोधायला गेले तर सापडणार कशी? वुमकर नावाचा अधिकारी ब्रिटिश हवाई दलात कोणी नव्हताच. युद्ध संपल्यावर घरच्यांसाठी चौकशी झाली, कागद ताडून पाहिले, तेव्हा वुमकर म्हणजे वेलिणकर हे ठरले. आज फ्रान्समध्ये आमियाँच्या जवळ, हँगार्ड गावच्या लष्करी कबरस्तानात, त्याच्या दगडावर त्याचे खरे नाव आहे.

मी तिथे मुलाबरोबर जाऊन आले. ओळीने सगळे दगड एकाच मापाचे, साहेबाचा मोठा आणि शिपायाचा लहान असा भेद नाही. पण कित्येकांवर नावच नाही, हा सैनिक देवाला ठाऊक, एवढेच. वेलिणकरच्या दगडावर मी आपल्या रिवाजाप्रमाणे एक खडा ठेवला. परत फिरताना वाटले, त्या चुकलेल्या नावात शेवटचे ‘कर’ तेवढे शाबूत राहिले होते. बाकी सगळे बिघडले तरी शेपटावरून माणूस ओळखू यावा, तसे.

मला ही गोष्ट एवढी का लागावी? मी शिकाऊ नर्स असताना, 1981 च्या सुमारास, मुंबईतल्या एका इस्पितळात एकाच नावाच्या दोन बाया शेजारशेजारच्या खाटांवर होत्या. रक्ताच्या नमुन्याच्या बाटलीवर मी आडनाव घाईत अर्धेच लिहिले. आमच्या सिस्टरने ते पाहिले म्हणून अनर्थ टळला. ओरडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, ‘बाई, औषध चुकले तर कदाचित सुधारता येईल. नाव चुकले तर माणूसच बदलतो.’ त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी प्रत्येक पेशंटला त्याचे नाव त्याच्याच तोंडून विचारून घेतले.

आपल्या समाजाला सैन्य नवे नाही. मुंबईतले आपले पहिले सिनेगॉग, ज्याला आपली जुनी माणसे मशीद म्हणत, ते 1796 साली बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर कंपनी सरकारच्या पलटणीतलेच. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटलो तर देवाचे घर बांधीन, असा त्यांनी नवस केला, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. एक ‘कर’ कैदेतून परत आला आणि त्याने शार हारहमीम उभे केले. दुसरा ‘कर’ परत आला नाही. पण दोघांचीही नावे आज आपण घेऊ शकतो, कारण कोणीतरी ती जपली.

आता विनंती. इथे जन्मलेली आपली नातवंडे आडनाव आखूड करतात, काही तर ‘कर’ टाकूनच देतात. मी त्यांना दोष देत नाही. शाळेत रोज नावाची मोडतोड ऐकणे सोपे नाही. पण हश्काबाच्या वेळी हजान साहेबांनी कोणते नाव घ्यायचे, हे आपण सांगून ठेवले पाहिजे. आपल्या घरातून जो कोणी सैन्यात, आरमारात, हवाई दलात किंवा नर्सिंगमध्ये गेला असेल, त्याचे पूर्ण नाव, बापाचे नाव आणि आडनावातले गाव, मराठीत आणि इंग्रजीत, स्वच्छ अक्षरांत लिहून कमिटीच्या वहीत द्या. फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिलेले असेल तर ते पुसट होण्याआधी उतरवून घ्या. ज्यांना आठवते ती माणसे आपणच आहोत, आणि आपली वयेही काही थांबलेली नाहीत.

वेलिणकरच्या आईला मुलगा परत मिळाला नाही. त्याचे नाव तेवढे परत मिळाले. आईला तेही थोडे नसते.