डिसोजा कोठले?



रत्नागिरीच्या बाजारांत आपणांपैकीं कोणी आपलें नांव सांगितलें, कीं पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "आडनांव डिसोजा, मग गांव कोणतें?" चिपळूणकर, राजापूरकर, देवरुखकर यांस हा प्रश्न कोणी करीत नाहीं, त्यांचें गांव त्यांच्या नांवांतच आहे. आपल्या आडनांवास मात्र गांव नाहीं, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाहीं.

आपल्या 'कर' प्रत्ययाचें काम पोर्तुगीज भाषेंत 'द' हा शब्द करतो. आपण प्रत्यय मागें लावतों, ते शब्द पुढें लावतात, इतकेंच. पोर्तुगालच्या उत्तर भागांत सोझा नांवाची नदी आहे. ती दोरो नदीस मिळते. तिच्या कांठच्या मुलखाचे सरदार स्वतःस 'द सोझा' म्हणवूं लागले. म्हणजे डिसोजा हा मुळांत 'सोझेकर'च होय!

पुढें हें नांव गलबतांतून दूरदूर गेलें. मार्तिम अफोंसो द सोझा यानें १५३२ सालीं ब्राझीलमध्यें वसाहत स्थापिली. तोच पुढें पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर होऊन आला, आणि त्याच्याच आरमारांतून संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजीं गोव्यास पोहोंचले. त्या काळीं बाप्तिस्मा घेणारास धर्मपित्याचें किंवा पाद्रीचें आडनांव मिळण्याचा प्रघात होता. एकच नांव निरनिराळ्या कुळांतील अनेकांस मिळालें. म्हणून गोवा, वसई, मंगळूर व कोंकण येथील सारे डिसोजा एका रक्ताचे नव्हेत. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा पुत्र; परंतु त्या फर्नांदोशींही आपलें नातें असेलच असें नाहीं.

यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु एक हानि मात्र आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८५० सालीं पुण्यास जन्मले, तरी चिपळूण त्यांच्या नांवांत राहिलें. चिपळुणांतच राहणारास चिपळूणकर म्हणण्याचें प्रयोजन काय? गांव सुटतें, तेव्हांच तें नांवास चिकटतें. आपला माणूस मुंबईस किंवा आखाती देशांत गेला, कीं त्याच्याबरोबर जातें तें सोझा नदीचें नांव, जी त्याच्या घरांत कोणीं पाहिलेली नाहीं. ज्या वाडींत आजोबांनीं नांगर धरला, तिचें नांव दोन पिढ्यांत लोपतें.

म्हणून या ज्युबिलीच्या वर्षीं एकच विनंती. प्रत्येक घरानें वडील माणसांस विचारून मूळ गांव, वाडी आणि ठाऊक असल्यास जुनें कुळनांव एका वहींत लिहून ठेवावें, व देवळांतील बाप्तिस्म्याच्या नोंदींशीं तें ताडून पाहावें. हा ठेवा आज केवळ वृद्धांच्या स्मरणांत आहे. त्यांस देवाज्ञा झाल्यावर आपण कोणास विचारणार? आडनांव आपणांस बाप्तिस्म्यानें लाभलें. गांव मात्र आपणच जपिलें पाहिजे.