आमची भाकरी मेजावर, आम्ही पडद्याआड

(वस्तीतल्या सभेत केलेलं भाषण)



मी गोदीत पोती वाहतो. म्हणून धान्याबद्दलच बोलतो.

९ सप्टेंबर २०२३. दिल्ली, प्रगती मैदानातलं भारत मंडपम. जी-२०च्या पाहुण्यांना राष्ट्रपतींची मेजवानी. चांदी-सोन्याचा मुलामा दिलेली भांडी. सुरुवातीला राळ्याचा पदार्थ, नाव ‘पात्रम’. शेवटी सावाची खीर, नाव ‘मधुरिमा’. आणि सोबत आपला मुंबईचा पाव!

राळा, सावा, नाचणी हे आपल्या आज्यांचं धान्य. गहू-तांदूळ परवडत नव्हता म्हणून त्या हे खायच्या, आणि हे खातात म्हणून लोक त्यांना हिणवायचे. भरड धान्य, भरड माणसं. २०२३च्या बजेटात सरकारनं याच धान्याला ‘श्रीअन्न’ म्हटलं. धान्याला श्री लागला. आपल्याला काय लागलं?

हिरवं कापड लागलं. दिल्लीत वसंत विहारजवळची एक झोपडपट्टी कापडानं झाकली. तिचं नाव कुली कॅम्प. कुली म्हणजे मीच की! डिसेंबर २०२२ला जी-२०ची बैठक मुंबईत झाली, तेव्हा इथल्या झोपड्यांपुढंही पडदे आले. गोदीत माल भिजू नये म्हणून ताडपत्री टाकतात. इथं माणसं दिसू नयेत म्हणून टाकली.

प्रगती मैदानाजवळची जनता कॅम्प वस्ती तर पाडलीच. सरकारनं संसदेत सांगितलं, १ एप्रिल ते २७ जुलै २०२३ या काळात दिल्लीत ४९ पाडकामं झाली, सुमारे २३० एकर जमीन मोकळी केली. पण जी-२०साठी एकही घर पाडलं नाही. मग बुलडोझर काय हवा खायला आला होता?

घोषवाक्य होतं ‘वसुधैव कुटुंबकम’. सगळी पृथ्वी एक कुटुंब. च्यायला, मग घरातल्या घरात पडदा कशाला?

कुणी म्हणेल, यजमान तर आदिवासी बाई होत्या. होत्या, मान्य. राज्यसभेतले विरोधी पक्षनेते खरगे, आपल्यातले, त्यांना मात्र बोलावणं नव्हतं. पण मी त्यांच्या खुर्चीसाठी रडायला उभा नाही. ती खुर्ची मिळाली असती तरी कुली कॅम्पवरचं कापड तसंच राहिलं असतं. आपला एक माणूस मेजावर बसला की आपलं पोट भरलं, ही थाप ऐकून ऐकून आपण विशीतच म्हातारे झालो.

२५ नोव्हेंबर १९४९ला घटना समितीत बाबासाहेबांनी बजावलं होतं. मताला समता आणि जगण्यात विषमता, ही विसंगती लवकर संपवा. नाहीतर तिच्याखाली भरडलेले लोक हा सगळा डोलारा उधळून लावतील.

पाहुण्याचा घास मोजू नये, हे आपल्या आयांनी शिकवलंय. पाहुण्यांशी आपलं भांडण नाही. भांडण पडद्याशी आहे. पुढच्या वेळी गल्लीच्या तोंडाशी कुणी बांबू आणि कापड घेऊन आला, तर त्याला विचारा: हे कितीला पडलं? एवढ्यात किती नळ आले असते? उत्तर लेखी मागा. आणि ते येईस्तोवर एकही बांबू रोवू देऊ नका.

जय भीम.