आधी भाड्याने, मग विकत



'आठवणी सगळेच सांगतील, तू काहीतरी उपयोगाचं बोल,' असं संयोजकांनी बजावलंय. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी आता ऐंशीच्या आसपासचं कुणीतरी आहे. म्हणून आईच्या श्रवणयंत्राबद्दल बोलतो.

आईला आवाज ऐकू यायचा, पण शब्द कळायचे नाहीत. वयोमानाने बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. 'स', 'श', 'फ' गळतात. आम्ही ओरडायचो आणि ती म्हणायची, "ओरडू नकोस रे, नीट बोल." पुढे ती नुसती हसून मान हलवू लागली. सांगलीच्या मावशीचा रविवारचा फोनही घेईनाशी झाली.

मी घाईघाईने एका दुकानातून महागडं यंत्र आणलं. धड तपासणी नाही, नंतर पुन्हा बोलावणं नाही. कुकरची शिट्टी, भांड्यांचा आवाज तिला असह्य झाला. चौथ्या दिवशी यंत्र कपाटात गेलं आणि वर्षभर तिथेच राहिलं. त्याच वर्षी मावशी गेली. दोघी बहिणींचं शेवटचं बोलणं माझ्या तोंडून झालं. मी मधला निरोप्या. ती चुटपुट अजून आहे.

नंतर एका ऑडिओलॉजिस्ट बाईंनी ऑडिओग्राम काढला आणि म्हणाल्या, "लगेच विकत घेऊ नका. तीन महिने भाड्याने वापरून बघा." अनामत रक्कम भरली, महिन्याचं भाडं ठरलं. कानात बसणारा साचा मात्र आईच्याच मापाचा, नवा करून घेतला. त्याचे पैसे परत मिळत नाहीत. पहिल्या आठवड्यात शांत घरात रोज दोनच तास, मग हळूहळू वेळ वाढवायची. ऐकायची सवय मेंदूला पुन्हा लावावी लागते. दर पंधरा दिवसांनी जाऊन आवाज जुळवून घेतला.

भाड्याने घेताना चार गोष्टी लेखी घ्या. यंत्र हरवलं तर किती भरायचे? दुरुस्ती कोणाकडे? आवाज जुळवून देण्याचे पैसे वेगळे का? पुढे तेच विकत घेतलं तर भाडं किमतीतून वळतं होतं का? भाडं वर्षानुवर्षं भरू नका. जमलं की विकत घेणंच स्वस्त पडतं. रात्री सेलचं झाकण उघडं ठेवा, पावसाळ्यात यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवा. परिस्थिती बेताची असलेल्या ज्येष्ठांसाठी केंद्र सरकारची 2017 पासूनची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. तिच्यात श्रवणयंत्र मोफत मिळतं. त्याचीही चौकशी करा.

तिसऱ्या महिन्यात आई एकदम म्हणाली, "बाहेर पाऊस पडतोय का रे?" खिडकी बंद होती. दुसऱ्या दिवशी जाऊन मी ते यंत्र विकत घेतलं.

गणिताच्या बाई प्रत्येक तासाला विचारायच्या, "मागच्या बाकापर्यंत ऐकू येतंय ना?" आम्ही मागचे न ऐकताच 'हो' म्हणायचो. आता आपले आईवडील तसंच 'हो' म्हणतात. त्या 'हो'वर विश्वास ठेवू नका. एकदा जवळ बसून, हळू आवाजात पुन्हा विचारा.